साहेब राहिला असता तर...

गणपतीत आम्ही सगळे गावच्या घरी जमतो. यंदाही जमलो. आरती झाली, पंगती उठल्या, आणि पडवीत सुपारी कातरता कातरता नानाकाकांनी नेहमीप्रमाणे विषय काढला.

नानाकाका नुकतेच क्रूझवरून आले होते. हिंदी महासागर, सात रात्री, दोन बेटं. मॉरिशस आणि रियुनियन. फोटो दाखवून झाले आणि मग निकाल जाहीर झाला. "अरे, दोन बेटं. शेजारी शेजारी. तोच ऊस, तोच समुद्र, तीच माणसं. एकाला स्वातंत्र्य मिळालं, दुसरं अजून फ्रेंचांचं. जा आणि रस्ते बघून ये! हॉस्पिटलं बघून ये! मी तुम्हाला सांगतो, सत्तेचाळीस साली आपल्या लोकांनी घाई केली. साहेब राहिला असता तर आज..."

पुढचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक घरात एक नानाकाका असतात आणि प्रत्येक नानाकाकांचं हे वाक्य असतं. एरवी मी हसून पान लावायला घेतो. पण या वेळी दोघा-तिघा पोरांनी माना डोलावल्या, एकाने तर मोबाईलवर दोन्ही बेटांचं दरडोई उत्पन्न काढून दाखवलं, आणि मी गप्प बसलो. आरत्यांनी घसा बसला होता आणि पाहुण्यांसमोर काकांशी वाद नको होता. पण तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. म्हणून हे लिहितो आहे. नानाकाका हे वाचतात (त्यांचा पुतण्या काय काय लिहितो यावर त्यांची नजर असते), तेव्हा आधीच सांगतो: काका, राग मानू नका. आणि मानलात तर फोन करा, मी आहे.

माझा या विषयाशी संबंध एवढाच, की मी नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षं मॉरिशसला राहिलो. घरमालक मराठी. म्हणजे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून उसाच्या मळ्यावर गेलेले. गावाचं नाव घरातून केव्हाच हरवलेलं, पण गणपती येतो, त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्यांची मुलगी शाळेत मराठी शिकत होती. मालकांची एक बहीण लग्न होऊन रियुनियनला गेलेली. त्यामुळे मीही एकदा चार दिवस तिकडे जाऊन आलो. तेव्हा क्रूझवरून दिसतं त्यापेक्षा थोडं जास्त पाहिलंय, एवढाच माझा दावा.

आता आधी नानाकाकांचं जे खरं आहे ते मान्य करून टाकतो. कारण ते लपवून वाद जिंकण्यात काही अर्थ नाही.

रियुनियनचं दरडोई उत्पन्न मॉरिशसच्या दुपटीहून जास्त आहे. खरं. तिथला माणूस मॉरिशसच्या माणसापेक्षा सरासरी सहा-सात वर्षं जास्त जगतो. हेही खरं, आणि ही किरकोळ गोष्ट नाही. सहा-सात वर्षं म्हणजे नातवाची मुंज बघणं किंवा न बघणं. वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण मॉरिशसच्या साधारण निम्मं आहे. रस्त्यांचं तर विचारूच नका. किनाऱ्यावरच्या जुन्या रस्त्यावर कड्यावरून दगड पडतात म्हणून त्यांनी समुद्रातच पाच किलोमीटरहून लांब पूल बांधून २०२२ साली खुला केला. फ्रान्समधल्या सर्वात महाग रस्त्यांत त्या प्रकल्पाची गणना होते. दुकानांत पॅरिसमधले सफरचंद, पॅरिसमधलं चीज. मी गेलो तेव्हा मीही तोंडात बोट घातलं होतं.

तर काका, तुम्ही जे पाहिलंत ते खोटं नाही. तुम्ही त्याचा जो अर्थ लावलात तो खोटा आहे.

एक तर रियुनियनवर "साहेबाचं राज्य" नाही. होतं तेव्हा काय होतं ते बघा. ही दोन्ही बेटं म्हणजे एकाच घरातले विभक्त झालेले भाऊ. दोन्ही फ्रेंचांची. १८१० साली इंग्रजांनी दोन्ही जिंकली आणि १८१४ च्या तहात चांगलं बंदर असलेलं मॉरिशस स्वतःकडे ठेवून रियुनियन परत देऊन टाकलं. वाटणी करताना विहीर कुणाकडे आणि वरकस कुणाकडे, तसंच. दोन्हीकडे गुलामांनी ऊस पिकवला, गुलामी उठल्यावर दोन्हीकडे आपल्या लोकांना करारावर नेलं. मॉरिशसला साडेचार लाखांच्या आसपास, रियुनियनला लाखभर. आणि फ्रेंचांची वसाहत म्हणून रियुनियन श्रीमंत झालं का? अजिबात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर ते मलेरियाने आणि उपासमारीने पिचलेलं, मूठभर मळेवाल्यांच्या हातातलं बेट होतं.

बदल झाला तो १९ मार्च १९४६ ला. त्या दिवशी फ्रान्सच्या संसदेने कायदा केला की रियुनियन, मार्तिनिक, ग्वादलूप आणि फ्रेंच गयाना या चार वसाहती यापुढे वसाहती नाहीत, फ्रान्सचे जिल्हे आहेत. म्हणजे पॅरिसच्या माणसाला जे हक्क, तेच सांदेनीच्या माणसाला. हे कुणी मागितलं? मळेवाल्यांनी नव्हे. मार्तिनिकच्या एमे सेझेरसारख्या डाव्या कवी-पुढाऱ्याने, आणि रियुनियनच्या रेमाँ व्हेर्जेस आणि लेओं द लेपेर्व्हांश यांनी. हे दोघे कामगारांचे पुढारी होते. त्यांची मागणी "साहेब राहू दे" ही नव्हती. "साहेब आणि मी यातला फरक काढा" ही होती.

या दोन वाक्यांतला फरक नानाकाकांना दिसत नाही, आणि माझा सगळा वाद तेवढ्यावरच आहे. रियुनियनचं हॉस्पिटल हे वसाहतवादाचं फळ नाही. ते वसाहतवाद संपल्याचं फळ आहे. मॉरिशसने तो १९६८ ला एका दाराने संपवला, रियुनियनने १९४६ ला दुसऱ्या दाराने.

बरं, दुसऱ्या दाराने गेलेल्यांना सगळं ताटात वाढून मिळालं का? कायदा १९४६ चा. किमान वेतन पॅरिसच्या बरोबरीला आलं १९९६ साली. पन्नास वर्षं! मधल्या काळात १९६० च्या एका अध्यादेशाने बेटावरच्या सरकारी नोकराला "सार्वजनिक शांततेला धोका" म्हणून उचलून बेटाबाहेर बदली करता येत असे. तो रद्द झाला १९७२ ला. आणि सगळ्यात वाईट प्रकरण मुलांचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रियुनियनच्या गरीब घरांतली दोन हजारांहून जास्त मुलं फ्रान्सच्या ओस पडत चाललेल्या ग्रामीण जिल्ह्यांत नेऊन वाटली गेली. आईबापांपैकी अनेकांना सांगितलं होतं की पोरगं शिकेल, सुट्टीत घरी येईल. कागदावर अंगठा घेतला आणि पोरगं परत आलं नाही. क्रूझ नावाच्या जिल्ह्यावरून त्यांना "क्रूझची मुलं" म्हणतात. (काका, तुमची क्रूझ वेगळी.) २०१४ साली फ्रान्सच्या संसदेने ठराव करून यातली राज्याची नैतिक जबाबदारी मान्य केली. तोवर ती मुलं म्हातारी झाली होती.

आणि आजचं काय? बेकारी गेली काही वर्षं १७ ते १९ टक्क्यांच्या घरात, त्याआधी कितीतरी वर्षं तर याहूनही वाईट. मॉरिशसला ती ६ टक्क्यांच्या आसपास. रियुनियनच्या ३६ टक्के लोकांचं उत्पन्न फ्रान्सच्या दारिद्र्यरेषेखाली. आता ती रेषा फ्रान्सची आहे, मॉरिशसची नाही, तेव्हा त्या आकड्याने लगेच हुरळून जायला नको. पण खाण्यापिण्याचे भावही तिकडचे. २०२२ च्या पाहणीत रियुनियनमधलं खाणं फ्रान्सच्या मुख्य भूमीपेक्षा ३७ टक्के महाग निघालं. सरकारी नोकराला तिथे मुख्य भूमीपेक्षा ५३ टक्के जास्त पगार असतो, त्याला झळ नाही. झळ बाकीच्यांना. २०१८ च्या नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घालून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा अख्खं बेट दोन आठवडे ठप्प झालं होतं ते उगाच नाही.

मालकांच्या बहिणीकडे जेवायला बसलो होतो तेव्हा ती सहज म्हणाली होती, "आमच्याकडे सगळं मिळतं, काम सोडून." तिचा थोरला मुलगा काम शोधत ल्योंला गेलेला, धाकटा जायच्या तयारीत. मॉरिशसला परत आल्यावर मी ते मालकांना सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "आमच्याकडे काम मिळतं. पुरत मात्र नाही." दोन बेटांची तुलना दोन भावंडांनी दोन वाक्यांत केली. नानाकाकांच्या सात रात्रींत ही दोन वाक्यं कुणी ऐकवली नाहीत, त्यात त्यांचा दोष नाही. पण निकाल द्यायच्या आधी ऐकायला हवी होती.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तू मॉरिशसचा झेंडा घेऊन निघालास. नाही बाबांनो. स्वातंत्र्याच्या बाजूचेही नानाकाका असतात, आणि ते मला तितकेच नकोसे आहेत. "बघा, स्वतंत्र झालं आणि आफ्रिकेतला चमत्कार झाला!" हे त्यांचं पालुपद. थांबा जरा.

मॉरिशसचा चमत्कार आकाशातून पडला नाही. १९६१ च्या सुमाराला जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाने (पुढे त्यांना नोबेल मिळालं) अहवाल दिला होता, की ऊस सोडून काही नाही, लोकसंख्या फुगतेय, भवितव्य कठीण आहे. १९६७ च्या निवडणुकीत १०० पैकी ४४ मतं स्वातंत्र्याच्या विरोधी पक्षाला पडली होती. स्वातंत्र्याच्या आधी दोन महिने पोर्ट लुईत दंगली झाल्या, लोक बोचकी बांधून ऑस्ट्रेलियाला निघाले. मग हे सावरलं कसं? १९७० साली निर्यातीच्या कारखान्यांसाठी सवलती दिल्या, कपड्यांचे कारखाने आले. १९७५ पासून युरोपने ठरावीक साखर जागतिक भावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने घेतली, म्हणजे स्वतंत्र मॉरिशसही काही अंशी युरोपच्या पैशावरच उभं राहिलं. फरक एवढाच, की तो पैसा कुठे लावायचा ते पोर्ट लुईत ठरलं. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट. सरकारी दवाखाने फुकट. म्हातारपणाचं पेन्शन तर स्वातंत्र्याच्याही आधीपासून. उभं सैन्य ठेवलंच नाही, तो खर्च वाचला. २००५ पासून विद्यार्थी आणि म्हातारे बसने फुकट जातात. माझ्या घरमालकांच्या आई रोज दुपारी बसमध्ये बसून नुसत्या फिरून येत. "सरकारने दिलंय तर वापरायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

पण त्याच मॉरिशसमध्ये जमिनी बघा कुणाच्या आहेत. उसाच्या जमिनींचा मोठा हिस्सा आजही जुन्या गोऱ्या घराण्यांच्या कंपन्यांकडे. गुलामांचे वंशज असलेल्या क्रिओल वस्त्यांमध्ये चमत्कार उशिरा पोचतो. १९९९ च्या फेब्रुवारीत काया नावाचा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मेला आणि देश पेटला होता. कपड्यांच्या कारखान्यांत आता बांगलादेश, मादागास्कर आणि आपल्याकडचे कामगार खोल्याखोल्यांत दाटीने राहून शिवणकाम करतात. करारावर आलेल्या मजुरांच्या पणतवंडांच्या देशात पुन्हा करारावरचे मजूर! पंतप्रधानपद तर बहुतेक काळ दोन आडनावांत फिरलंय. तेव्हा मॉरिशसची पूजा बांधायची माझी इच्छा नाही. त्यांच्या बाजूने मी एकच गोष्ट सांगेन. २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या मतदारांना सरकारचा राग आला, तेव्हा मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा त्यांनी विरोधकांना दिल्या. रागाचा पत्ता त्यांना ठाऊक होता. रियुनियनच्या माणसाला राग आला तर त्याचा पत्ता नऊ-दहा हजार किलोमीटर दूर असतो.

असो. अजून एक जोडी सांगतो, कारण नानाकाकांचा सिद्धांत दोन बेटांवर उभा आहे आणि तिथे समुद्रात आणखी बेटं आहेत.

मादागास्करच्या वर कोमोरो बेटं. चार. १९७४ साली फ्रान्सने विचारलं, स्वातंत्र्य हवं का? एकूण ९५ टक्के लोक हो म्हणाले. पण मायोत या बेटावर बहुमत नाही म्हणालं. तिथल्या बायकांची तर चळवळच होती. स्वातंत्र्यवादी पुढारी बेटावर आला की घोळका करून त्याला गुदगुल्या करायच्या, इतक्या की तो परत बोटीत बसला पाहिजे! खोटं वाटेल, पण हे खरं आहे. १९७५ ला बाकीची तीन बेटं स्वतंत्र झाली, मायोत फ्रान्सकडे राहिलं आणि २०११ ला रियुनियनसारखाच पूर्ण जिल्हा झालं.

तीन बेटांचं काय झालं? बंडावर बंड. त्यातली काही एका फ्रेंच भाडोत्री सैनिकाने, बॉब देनारने घडवलेली. तेव्हा "यांना राज्य करता येत नाही" असं म्हणताना राज्य उलथवायला कोण येत होतं तेही बघावं. १९९७ ला तर त्यातल्या आंजुआं बेटाने आम्हाला परत फ्रान्समध्ये घ्या म्हणून फुटून निघायचा प्रयत्न केला. फ्रान्स म्हणालं, नको. आंजुआंपासून मायोत सत्तर किलोमीटर. १९९५ पासून मध्ये व्हिसाची भिंत. तेव्हापासून छोट्या होड्यांतून रात्री ओलांडताना हजारो माणसं बुडाली. ज्यांचे मामा-मावश्या पलीकडच्या बेटावर आहेत अशी माणसं.

नानाकाका म्हणतील, बघ! लोक जीव धोक्यात घालून साहेबाकडेच जातात ना? हो, जातात. पोट दुखत असलेली गरोदर बाई जिथे हॉस्पिटल आहे तिकडेच जाणार. पण ती ज्या मायोतला पोचते ते बघा. तोच झेंडा, कागदावर तोच दर्जा, रियुनियनला आहे तोच. आणि २०१८ च्या आकड्यांप्रमाणे ७७ टक्के लोक फ्रान्सच्या दारिद्र्यरेषेखाली. दहातली चार घरं पत्र्याची. किमान उत्पन्नाची सरकारी मदत मुख्य भूमीच्या निम्मी. २०२३ च्या दुष्काळात नळाला तीन दिवसांतून एकदा पाणी. १४ डिसेंबर २०२४ ला चिडो चक्रीवादळ आलं आणि ती पत्र्याची घरं पत्त्यांसारखी उडाली. फ्रान्सचा जिल्हा!

म्हणजे हिशोब काय झाला? मॉरिशस स्वतंत्र, बरं चाललंय. कोमोरो स्वतंत्र, हाल आहेत. रियुनियन फ्रान्सचं, बरं चाललंय. मायोत फ्रान्सचं, हाल आहेत. दर्जावरून राहणीमान ठरत असतं तर दोनच उत्तरं आली असती. इथे चार बेटांची चार उत्तरं आहेत. सूत्र चुकलंय, काका.

आता मुख्य मुद्दा. "साहेब राहिला असता तर." चला, कल्पना कशाला करायची? त्याच समुद्रात साहेब खरोखरच राहिला अशी एक जागा आहे. चागोस.

ही बेटं मॉरिशसचा भाग होती. १९६५ साली, स्वातंत्र्याची बोलणी चालू असताना, इंग्रजांनी ती मॉरिशसपासून तोडून घेतली आणि बदल्यात ३० लाख पौंड टेकवले. कशासाठी? दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. तिथे पिढ्यान्पिढ्या राहणारी दीड-दोन हजार माणसं होती, नारळाच्या बागांत काम करणारी. १९६६ च्या एका सरकारी टिपणात लंडनच्या अधिकाऱ्याने त्यांची टारझन आणि मॅन फ्रायडे म्हणून टिंगल केलेली आहे. १९६८ ते १९७३ या काळात त्या सगळ्यांना बोटींत घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या बंदरांवर सोडून दिलं. त्यांची कुत्री आधी विषारी धुराने मारली. ही गोष्ट सतराव्या शतकातली नाही. तोवर माणूस चंद्रावर जाऊन आला होता. २०१९ साली हेगच्या न्यायालयाने मत दिलं की हे तोडणं बेकायदेशीर होतं. २०२५ च्या मे महिन्यात ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात सार्वभौमत्व परत देण्याचा करार झाला, पण तळ ९९ वर्षांच्या भाड्याने ठेवूनच. आणि त्या बोलण्यांतही आम्हाला खुर्ची दिली नाही, अशी चागोसच्या लोकांची तक्रार आहे. ती लंडनविरुद्ध आहे तशी पोर्ट लुईविरुद्धही आहे.

तर "साहेब राहिला असता तर" याचं उत्तर बघायचं असेल तर रियुनियनला जाऊ नका. चागोसच्या म्हाताऱ्यांना पोर्ट लुईच्या वस्तीत जाऊन भेटा.

आणि आपल्याला रियुनियनसारखा सौदा मिळाला असता का, याचं गणित तर चौथीतला मुलगा करेल. १९४६ ला रियुनियनची लोकसंख्या अडीच लाखांच्या आत, फ्रान्सची चार कोटी. फ्रान्सला ते परवडलं. आपण ३९-४० कोटी, ब्रिटन पाच कोटी. बरोबरीचे हक्क म्हणजे लंडनच्या संसदेत एका गोऱ्या खासदारामागे आठ आपले! ज्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसं मरू दिली, ते हे मान्य करणार होते? ही ऑफर टेबलावर कधीच नव्हती. आपण घाईने काही नाकारलं नाही, कारण कुणी काही देऊच केलं नव्हतं.

आमच्या घरात तर हे कळायला हरकत नाही. पलीकडे गोवा. पोर्तुगालने १९५१ ला गोव्याला वसाहत म्हणायचं बंद करून "सागरपार प्रांत" म्हणायला सुरुवात केली. कागदावर गोवाही रियुनियनच झाला होता. पण सालाझारच्या राज्यात लिस्बनच्याच माणसाला खरं मत नव्हतं, तिथे पणजीच्या माणसाला कुठून येणार? नाव बदललं, माणूस तोच राहिला. तेव्हा गोव्यात परदेशी वस्तू स्वस्त मिळत, हे मात्र आमच्याकडे अजून चवीने सांगतात.

इतकं सगळं लिहिल्यावर आता खरं बोलतो. नानाकाकांना साहेब नकोच आहे. मला माहीत आहे त्यांना काय हवंय.

काकू गेली त्या वर्षी मी होतो त्यांच्याबरोबर. एका सरकारी इस्पितळात आम्ही पहाटे पाचला रांगेत उभे राहायचो. मशीन बंद, तंत्रज्ञ रजेवर, उद्या या. उद्याचा परवा झाला. शेवटी खाजगीत नेलं तोवर उशीर झाला होता. चाळीस वर्षं इमानाने कर भरलेला माणूस खिडकीपलीकडच्या कारकुनाला "साहेब, साहेब" म्हणत हात जोडून उभा होता, ते मी पाहिलंय. आणि क्रूझवरून उतरून फिरताना रियुनियनचं हॉस्पिटल बघून त्या माणसाच्या मनात काय आलं असेल तेही मला कळतं. त्यांनी त्या इमारतीचा फोटो काढून आणलाय. समुद्राचे फोटो सगळ्यांनी पाहिले. तो फोटो कशाला काढला, हे मात्र पडवीत कुणी विचारलं नाही.

काका, ते हॉस्पिटल साहेबाने दिलेलं नाही. "मी आणि तू सारखे, मग माझ्या बायकोला वेगळं हॉस्पिटल का?" असं विचारत बसलेल्या माणसांनी ते पन्नास वर्षांत ओढून आणलंय. पॅरिसकडून आणलं म्हणून ते मिंधे नाहीत, आणि मॉरिशसवाल्यांनी पोर्ट लुईकडून आणलं म्हणून ते थोर नाहीत. आपल्याला तर पॅरिसला जायचीही गरज नाही. आपला पत्ता जवळ आहे. खिडकीपलीकडचा तो माणूस आपणच नेमलेला आहे, आणि आपण त्यालाच साहेब म्हणतोय.

साहेब राहिला असता तर? काका, तो त्या खिडकीत राहिलाच आहे की. त्यालाच आधी घालवू या.

इस्पितळाविरुद्धचा तो तक्रारअर्ज, जो आपण तेव्हा अर्धा लिहून सोडून दिला, तो माझ्याकडे अजून आहे. दिवाळीत येतो तेव्हा पुरा करू. सुपारी तुम्ही कातरा, अक्षर माझं.